फिंचची चोच, पचणारं दूध, उपग्रहाचा अँटेना: नैसर्गिक निवड वर्गात कशी शिकवावी?

प्रश्न – प्रयोगवही

विज्ञान मंडळासाठी (नववी ते अकरावी, ३० मुलं) उत्क्रांतीवर ४०-४० मिनिटांची दोन सत्रं घ्यायची आहेत. जिराफाची मान आणि हळूहळू ताठ होत जाणारं माकड ही दोन चित्रं मुद्दाम वगळणार आहे. ती पाहून मुलांच्या मनात 'गरज पडली म्हणून अवयव बदलला' एवढंच पक्कं बसतं. त्याऐवजी तीन उदाहरणं घ्यायचा विचार आहे: पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांची चोच, मोठेपणी दूध पचण्याची क्षमता आणि संगणकावर निवड करत करत घडवलेला उपग्रहाचा अँटेना.

अडलेले मुद्दे असे:

१. चोचीचं उदाहरण आकड्यांनिशी कसं मांडावं? 'मोठ्या चोचीचे जगले' एवढ्यावर थांबायचं नाही.

२. माणसाच्या वागण्याबद्दल किती बोलणं शास्त्रीय ठरेल? 'पूर्वज उपाशी असायचे म्हणून आपल्याला गोड आवडतं' अशी वाक्यं सर्रास ऐकू येतात. ती खरी मानायची का?

३. अँटेना घडताना खरोखर तीच यंत्रणा चालते का? आणि मग सायकल, कुऱ्हाड अशा शोधांचं काय?

४. संगणकाशिवाय वर्गात करता येईल असा प्रयोग हवा आहे. सामान स्वस्त असावं.


उत्तर १ – चोचमापक

पहिल्या मुद्द्यापुरतं लिहितो.

डॅफ्ने मेजर हे गालापागोसमधलं छोटंसं बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ जोडप्यानं १९७३ पासून तिथले फिंच पकडून, पायात रंगीत कडी घालून, चोच मोजून सोडले. प्रत्येक पक्षी ओळखीचा असल्यामुळे कोण मेला, कोण जगला आणि कोणाची पिल्लं किती, हे नोंदवता आलं. मुलांना हे आधी सांगा. निवड 'दिसली' असं आपण म्हणतो, ते या कंटाळवाण्या मोजमापामुळेच म्हणू शकतो.

१९७७ साली पाऊस जवळजवळ झालाच नाही. पूर्ण हंगामात २४ मिमीच्या आसपास. मध्यम भू-फिंच या जातीची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. मऊ, बारीक बिया आधी संपल्या. उरली ती प्रामुख्यानं ट्रिब्युलसची काटेरी फळं. आपल्या माळरानावर चपलेत रुततो त्या सराट्याचीच ही दुसरी जात, त्यामुळे वर्गात सराटे नेऊन दाखवता येतील. चिमट्यानं किंवा अडकित्त्यानं एखादा फोडायला लावा, म्हणजे जोर किती लागतो ते कळेल. ज्या पक्ष्यांच्या चोचीची उंची (मुळाशी वरून खाली मोजलेली जाडी) जास्त होती, त्यांना तो जोर लावता यायचा.

दुष्काळाआधी चोचीची सरासरी उंची साधारण ९.४ मिमी होती, वाचलेल्यांची साधारण १० मिमी. म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, आणि बहुतेक धड्यांत नेमक्या त्याच एकत्र कालवलेल्या असतात.

पहिली म्हणजे निवड. ती एकाच पिढीत झाली. एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही, बारीक चोचीचे मेले म्हणून सरासरी वर गेली. दुसरी म्हणजे उत्क्रांती, जी पुढच्या पिढीत मोजायची. वाचलेल्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली तरच काही बदललं असं म्हणता येतं. यासाठी पैदासकारांचं साधं सूत्र आहे:

पुढच्या पिढीतला बदल = आनुवंशिकता × निवडीचा फरक (वाचलेल्यांची सरासरी वजा आधीची सरासरी)

आनुवंशिकता ० ते १ दरम्यान असते. आई-बापांच्या सरासरी चोचीसमोर पिल्लांची चोच आलेखावर मांडली की रेषेचा जो चढ येतो, ती आनुवंशिकता. या पक्ष्यांत ती बरीच जास्त आहे, ०.७ धरा. ०.७ × ०.५ = ०.३५ मिमी. प्रत्यक्षातही पुढची पिढी दुष्काळाआधीच्या सरासरीपेक्षा तीन-चार टक्क्यांनी जाड चोचीची निघाली, सूत्र सांगतं त्याच्या जवळपास. मुलांना मग आनुवंशिकता ० धरून हिशेब करायला सांगा. कितीही पक्षी मेले तरी पुढच्या पिढीत बदल शून्य. हे गणित एकदा हातानं केलं की 'गरज पडली म्हणून बदलला' ही समजूत आपोआप सुटते.

गोष्ट इथे थांबवू नका. १९८२-८३ च्या एल निन्योत प्रचंड पाऊस झाला, बेट वेलींनी भरलं, बारीक बियांचा सुकाळ झाला, आणि त्यापुढच्या कोरड्या काळात लहान चोचीचे जास्त जगले. पुढे २००४-०५ च्या दुष्काळात मध्यम फिंचची चोच पुन्हा लहान झाली. त्या वेळी सराटे होते, पण तोवर बेटावर स्थायिक झालेला मोठा भू-फिंच (ही वेगळी जात) ते फस्त करत होता. म्हणजे १९७७ मध्येही दुष्काळ, २००४ मध्येही दुष्काळ, आणि निवडीची दिशा उलट. परिस्थितीत आणखी कोण आहे त्यावर ती ठरते. माझ्या मते या उदाहरणाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे आणि तोच नेहमी गाळला जातो.

एक पुरवणी. चांगलं उत्परिवर्तन (जनुकातला अचानक बदल) झालं की ते पसरणारच, असंही मुलं धरून चालतात. जीवशास्त्रज्ञ हॉल्डेननं १९२७ मध्ये दाखवलं की थोडासा फायदा देणारं नवं उत्परिवर्तन टिकण्याची शक्यता त्या फायद्याच्या साधारण दुप्पट असते. फायदा १ टक्का असेल तर टिकण्याची शक्यता २ टक्के. शंभरातली अठ्ठ्याण्णव चांगली उत्परिवर्तनं निव्वळ योगायोगानं नष्ट होतात, कारण सुरुवातीला ती एखाद-दुसऱ्या जिवातच असतात.


उत्तर २ – वंशवेल

माणसाबद्दल बोलताना दूध हे उदाहरण उत्तम निवडलं आहे. मात्र ते 'निसर्गानं माणूस बदलला' असं सांगितलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. इथे वागणं आधी बदललं आणि त्या वागण्यानं निवडीची परिस्थिती तयार केली.

यंत्रणा अशी. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. लहान आतड्यातलं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) तिचे तुकडे करतं. सस्तन प्राण्यांत अंगावरचं दूध तुटलं की हे विकर बनणं कमी होत जातं, आणि जगातल्या बहुसंख्य माणसांतही तसंच होतं. काहींत मात्र ते आयुष्यभर बनत राहतं. त्यांच्यात लॅक्टेजचं जनुक बदललेलं नसतं. बदललेली असते ती त्याच्या डीएनएची १३,९१० अक्षरं आधी, शेजारच्या जनुकाच्या पोटात बसलेली कळ. एका जागी 'सी'ऐवजी 'टी', बस. फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून हे २००२ मध्ये पुढे आलं. पूर्व आफ्रिकेतल्या गुराखी समाजांत तीच क्षमता वेगळ्या अक्षरबदलांनी स्वतंत्रपणे आली. भारतात बहुतांशी युरोपातलाच बदल आढळतो. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी.

आता 'दूध पौष्टिक, म्हणून पचवणारे जगले' हे सोपं स्पष्टीकरण तपासून पाहा. प्राचीन भांड्यांच्या खापरांत मुरलेली दुधाची चरबी शोधून युरोपात २०२२ मध्ये मोठा अभ्यास झाला. तिथे दूध वापरात होतं, पण पचवणारं जनुकरूप सर्रास होण्यात मध्ये हजारो वर्षं गेली. म्हणजे न पचवणारेही दूध वापरत होते. ते कसं जमतं याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. गाईच्या दुधात लॅक्टोज सुमारे ४.७ टक्के, म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात ९-१० ग्रॅम. विरजण लावलं की जिवाणू त्यातला काही भाग खाऊन टाकतात, तुपात तर ते जवळजवळ उरतच नाही. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं. त्याहून जास्त झालं तर न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि पोट फुगणं, जुलाब सुरू होतात. धडधाकट माणसाला हा तात्पुरता त्रास असतो. दुष्काळात, कुपोषण आणि साथ असताना तेच जुलाब जिवावर बेततात. निवड अशा वाईट वर्षांत जोरात झाली असावी, असं त्या अभ्यासकांचं मत आहे. पटण्याजोगं आहे, कारण त्यात कोण कशामुळे मेलं असेल याची साखळी पूर्ण जुळते.

वर्गासाठी दोन सूचना. मुलांना दूध पाजून प्रयोग करू नका. आणि दुधाची ॲलर्जी ही वेगळीच गोष्ट आहे, ती प्रथिनांची असते आणि धोकादायक ठरू शकते. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

याच जातीचं दुसरं उदाहरण सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचं. पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून शेती आली, उन्हात साचलेली डबकी वाढली, डास वाढले, मलेरिया वाढला. सिकलचं एक जनुक असलेल्यांना फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोन असतील तर गंभीर आजार होतो. ॲलिसननं १९५४ मध्ये हा संबंध दाखवला. हिशेब फळ्यावर करता येतो. वाहकाच्या (एकच जनुक असलेल्याच्या) तुलनेत, जनुक अजिबात नसलेल्यांचं नुकसान १० टक्के आणि दोन्ही जनुकं असलेल्यांचं (उपचार नसताना) १०० टक्के धरा. समतोलाला जनुकाचं प्रमाण = ०.१ ÷ (०.१ + १) = सुमारे ०.०९. म्हणजे वाहक साधारण १६-१७ टक्के आणि आजारी जन्मणारी मुलं हजारी आठ. इतका घातक आजार नाहीसा का होत नाही, याचं उत्तर या एका ओळीत आहे. नंदुरबार, गडचिरोली, विदर्भाचा बराच भाग इथे सिकलसेल आढळतो. तुमच्या वर्गात वाहक मूल असू शकतं, तेव्हा कोणाला हात वर करायला लावू नका, आणि 'दोष' हा शब्द पूर्ण टाळा.

गोड आवडण्याबद्दल. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक टिनबर्गेन यानं १९६३ मध्ये कोणत्याही वागण्याला चार प्रश्न विचारायला सांगितले: ते शरीरात कसं घडतं, आयुष्यात कधी आणि कसं विकसित होतं, जगण्या-वाढण्यात त्याचा काय उपयोग होतो, आणि पूर्वजांपासून ते कसं आलं. 'पूर्वज उपाशी होते' हे फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालं, तेही न तपासलेलं. गोडाबाबत बाकीचा पुरावा बरा आहे. नवजात बाळंही गोडाला चांगला प्रतिसाद देतात. मांजरवर्गात गोड ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक मोडलेलं आहे आणि मांजरांना गोडाचं आकर्षण नसतं. निव्वळ मांसावर जगणाऱ्याला ते गमावून तोटा झाला नाही. अशी दुसऱ्या प्राण्यांशी तुलना जिथे करता येते तिथे बोला. 'बायकांना गुलाबी रंग का आवडतो' छापाच्या गोष्टींत यातलं काहीच नसतं. जनुक नाही, तुलना नाही, समाजासमाजांतला फरक तपासलेला नाही. त्या वर्गात आणू नयेत असं मला ठामपणे वाटतं.


उत्तर ३ – तारयंत्री

तिसरा मुद्दा, अँटेना. यंत्रणा तीच आहे. नक्कल, नकलेत यादृच्छिक बदल आणि मोजमापावर निवड हे तिन्ही तिथे असतात.

या पद्धतीची एक सुरुवात १९६४ च्या बर्लिनमधली. इंगो रेशेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी सहा पट्ट्या पाच बिजागऱ्यांनी जोडल्या आणि ती पाटी वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली. प्रत्येक बिजागरी ५१ स्थितींत अडकवता यायची, म्हणजे एकूण ५१ चा पाचवा घात, ३४ कोटी ५० लाखांहून जास्त आकार. सुरुवात नागमोडी घडीपासून. यादृच्छिक पद्धतीनं बिजागऱ्या थोड्या हलवायच्या, हवेचा अडथळा मोजायचा, कमी झाला तर नवा आकार ठेवायचा, नाहीतर जुन्यावर परत यायचं. काही शे प्रयत्नांत पाटी जवळजवळ सपाट झाली. उत्तर आधी माहीत होतं, म्हणूनच ही पद्धतीची चांगली चाचणी ठरली. नंतर त्यांचा सहकारी श्वेफेल यानं वाफ आणि पाणी एकत्र जाणाऱ्या नोझलवर तीच पद्धत वापरली. कड्या एकापुढे एक रचून नोझल बनवायचं आणि कड्या बदलत जायच्या. शेवटी मध्येच फुगवटे असलेला जो आकार आला, तो कोणी कागदावर काढला नसता. कार्यक्षमता मात्र बरीच वाढली.

उपग्रहाचा अँटेना म्हणजे नासाच्या एसटी-५ मोहिमेचा. २२ मार्च २००६ ला तीन छोटे उपग्रह सुटले, प्रत्येकी सुमारे २५ किलोचे. वेड्यावाकड्या वळवलेल्या तारेचा तो अँटेना नासाच्याच एम्स केंद्रातल्या गटानं अशाच निवडीतून घडवला होता. मध्येच कक्षा बदलली आणि आधीचा आकार निरुपयोगी झाला. त्यांनी मोजमापाचा निकष बदलून प्रक्रिया पुन्हा चालवली आणि महिन्याच्या आत नवा अँटेना हातात आला.

मुलांपैकी कोणाला प्रोग्रॅम लिहायचा असेल तर ही कृती:

आकाराचं वर्णन आकड्यांच्या यादीत करा (तारेचे सहा तुकडे असतील तर प्रत्येकाची लांबी आणि कोन). ५० ते १०० यादृच्छिक याद्या बनवा. प्रत्येकीला गुण द्या. कोणत्याही तीन उचला, त्यांतली सरस ती 'पालक'. असे दोन पालक काढून त्यांचे आकडे मिसळा. मग प्रत्येक आकडा थोड्या शक्यतेनं किंचित हलवा. शक्यता १ भागिले यादीतल्या आकड्यांची संख्या इतकी ठेवली तर सरासरी एक आकडा बदलतो. सगळ्यात चांगल्या एक-दोन याद्या जशाच्या तशा पुढे न्या. हे शे-दोनशे पिढ्या चालवा.

एकाच पालकावर काम चालत असेल तर बदलाचं माप किती ठेवायचं यासाठी रेशेनबर्गचा एक-पंचमांशाचा नियम आहे. पाचातल्या एकाहून जास्त बदल यशस्वी होत असतील तर पावलं फार लहान पडताहेत, मोठी करा. त्याहून कमी होत असतील तर ०.८५ नं गुणून लहान करा.

बिघडतं कुठे? दोन जागी.

पहिली जागा म्हणजे लवकर एकजिनसी होणं. निवड फार कडक ठेवली (दरवेळी फक्त पहिले दोन) तर दहा-पंधरा पिढ्यांत सगळ्या याद्या एकमेकींच्या नकला होतात आणि मिसळायला काही उरत नाही. गुणांची सरासरी आणि सर्वोच्च गुण दोन्ही छापत राहा. दोन्ही रेषा चिकटल्या की समजायचं, विविधता संपली.

दुसरी जागा गुण देण्याची, आणि ती जास्त महत्त्वाची. तुम्हाला काय हवं आहे ते या प्रक्रियेला ठाऊक नसतं, तुम्ही काय मोजता एवढंच तिच्यापर्यंत पोचतं. कार्ल सिम्सनं १९९४ मध्ये संगणकात आभासी प्राणी घडवले. वेगाला गुण दिल्यावर चालणारे प्राणी येण्याऐवजी उंच मनोरे आले, जे नुसते कोसळून वेग मिळवत. उपाय म्हणून आधी त्यांना स्थिर होऊ द्यायचं, मग मोजायचं. १९९६ मध्ये ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसननं एका चिपच्या १० × १० घरांत १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झचे सूर वेगळे ओळखणारं सर्किट निवडीतून मिळवलं, सर्किटला ताल देणारं घड्याळ (क्लॉक) न देता. काम चोख झालं. पण त्यातली काही घरं बाकीच्यांना जोडलेलीच नव्हती, तरी ती बंद केली की सर्किट बिघडायचं. त्या विशिष्ट चिपचे बारीक विद्युत गुणधर्म त्यानं वापरून घेतले होते. दुसऱ्या चिपवर किंवा वेगळ्या तापमानात तेवढं नीट चालेना, कारण निवड त्याच एका चिपवर, खोलीच्या तापमानात झाली होती. २००४ च्या फिंचबद्दल वर जे लिहिलं आहे, तेच इथे दिसतं.


उत्तर ४ – मोजपट्टी

संगणकाशिवायचा प्रयोग: स्ट्रॉ-ग्लायडर. एका गटाला लागणारं सामान: २० सेंमीचे तीन स्ट्रॉ (कागदी चालतील, पण ताठ हवेत), जाडसर कागद, चिकटपट्टी, कात्री, पट्टी, एक नाणं, एक फासा आणि जमिनीवर अंतर मोजायला टेप.

मूळ पक्षी (म्हणजे पहिला ग्लायडर): २ सेंमी रुंद, २० सेंमी लांब अशा दोन पट्ट्या. प्रत्येकीची टोकं १ सेंमी एकमेकांवर चढवून कडं करायचं. एक कडं स्ट्रॉच्या पुढच्या टोकापासून ३ सेंमीवर चिकटवायचं, दुसरं मागच्या टोकापासून ३ सेंमीवर. दोन्ही स्ट्रॉच्या एकाच बाजूला आणि एका रेषेत.

प्रत्येक पिढीत तीन पिल्लं. पहिलं पालकाची हुबेहूब नक्कल. बाकी दोघांसाठी नाणं उडवा: छापा आला तर पुढचं कडं, काटा आला तर मागचं. मग फासा टाका:

१ – कडं १ सेंमी टोकाकडे
२ – कडं १ सेंमी मध्याकडे
३ – पट्टीची लांबी २ सेंमीनं वाढवा
४ – लांबी २ सेंमीनं कमी करा
५ – रुंदी १ सेंमीनं वाढवा
६ – रुंदी १ सेंमीनं कमी करा

कडं टोकाबाहेर गेलं किंवा रुंदी शून्य झाली तर ते पिल्लू जगलं नाही. त्याच्या बदली दुसरं करायचं नाही. सगळ्यात लांब जाणारं पिल्लू पुढच्या पिढीचं पालक.

इथे चार गोष्टी हमखास चुकतात.

मुलं फाशाचा कौल मानत नाहीत. 'मागचं कडं मोठं केलं तर चांगलं उडेल' असं ठरवून बदल करतात. तो अभियंत्याचा मार्ग झाला. फासा दुसऱ्या गटातल्या मुलाला टाकायला द्या.

प्रत्येक पिल्लू एकदाच फेकलं तर निवड पिल्लाची होतच नाही, फेकीची होते. एकाच ग्लायडरच्या फेकींत १ मीटरचा फरक सहज पडतो. तीन फेकींची सरासरी घेतली तरी चूक ०.६ मीटरच्या आसपास राहते, पाच घेतल्या तर ०.४५. पिल्लापिल्लांतला खरा फरक ०.५ मीटर असेल तर तीन फेकींत तो हरवेल. पाच फेका, आणि सरासरीऐवजी मधली फेक घ्या, म्हणजे एखादी वाया गेलेली फेक निकाल बिघडवणार नाही.

पालकाचा मागच्या पिढीतला आकडा पुढे वापरायचा नाही. तो आकडा जिंकलेला असतो म्हणजे त्यात थोडं नशीबही असतं, आणि मग प्रामाणिक पिल्लं त्याला कधीच हरवू शकत नाहीत. पहिलं पिल्लू हुबेहूब ठेवायचं ते याचसाठी: पालक दर पिढीत नव्यानं फेकला जातो.

अंतर कुठवर मोजायचं? ग्लायडर जमिनीला जिथे प्रथम टेकेल तिथपर्यंतच. शेवटी जिथे थांबतो तिथपर्यंत मोजलं तर गुळगुळीत फरशीवर घसरणारी पिल्लं निवडली जातात. तारयंत्रींनी लिहिलेल्या मनोऱ्यांसारखाच हा प्रकार. एखाद्या गटाला मुद्दाम घसरणीसह मोजायला देऊन बघा, आकार वेगळा येतो का ते.


प्रयोगवही

तिघांनी-चौघांनी इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. फिंचचं सूत्र आणि स्ट्रॉ-ग्लायडर दोन्ही नक्की घेणार. दोन शंका उरल्या. ३० मुलांत, ८० मिनिटांत किती पिढ्या होतील? आणि सायकल-कुऱ्हाडीचा प्रश्न अजून मोकळाच आहे.


उत्तर ५ – कारखानीस

सायकलीचा इतिहास यासाठी फार उपयोगी आहे. १८१७ मध्ये जर्मनीत ड्राइसची लाकडी, पायांनी जमीन रेटायची दुचाकी. १८६० च्या दशकात पुढच्या चाकाला पायडल. १८७० च्या दशकात पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं. कारण सरळ आहे: पायडल थेट चाकाला जोडलेलं, त्यामुळे एका फेरीत चाकाच्या परिघाएवढंच अंतर. वेग हवा तर चाक मोठं, आणि चाकाची मर्यादा म्हणजे स्वाराच्या पायाची लांबी. वर्षानुवर्षं चाक थोडं थोडं वाढत गेलं आणि स्वार डोक्यावर आपटत राहिले. १८८५ मध्ये स्टार्लीच्या रोव्हर सायकलीनं साखळीनं मागचं चाक फिरवलं. मोठ्या चाकाची गरजच संपली. १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं आणि लहान चाकाचे हादरेही कमी झाले. मोठं चाक काही वर्षांत रस्त्यावरून गेलं.

यात नक्कल आहे, बदल आहे, निवडही आहे. पण दोन फरक मुलांपुढे स्पष्ट मांडा. एक, साखळी सायकलीच्या वंशात जन्मली नाही. ती दुसऱ्या यंत्रांतून उचलली. प्राण्यांत अशी उचल जवळजवळ होत नाही (जिवाणूंत होते, म्हणून प्रतिजैविकांना न जुमानणारं जनुक एका जातीतून दुसरीत जातं). दोन, कारागीर जुना आराखडा मोडून पुन्हा मांडू शकतो. सजीवांना प्रत्येक टप्प्यावर जगत राहावं लागतं. जिराफाच्या स्वरयंत्राची एक मज्जातंतू-शाखा मेंदूकडून मान उतरून छातीत जाते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालून पुन्हा मान चढते. वाट काही सेंटिमीटरची, प्रवास कित्येक मीटरचा. माशासारख्या पूर्वजांत ती सरळ होती; मान लांबत गेली तशी ती ताणत गेली, आणि मधूनच तोडून पुन्हा जोडायची सोय नव्हती. तुम्ही जिराफ वगळणार म्हणालात, पण मानेऐवजी ही नस दाखवून त्याला जरूर आणा.

कुऱ्हाडीबद्दल थोडक्यात: अश्युलियन हातकुऱ्हाड (आदिमानवाचं दगडी हत्यार) पंधरा लाख वर्षांहून जास्त काळ जवळपास त्याच आकारात बनत राहिली. पुणे जिल्ह्यात बोरीजवळ कुकडीकाठीही अशी हत्यारं सापडली आहेत. इतकी स्थिरता का? कामासाठी तोच आकार चांगला म्हणून, की नक्कल करण्यातली निष्ठा म्हणून, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या तुलनेत पॉलिनेशियन (पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या) होड्यांचा २००८ मधला अभ्यास स्पष्ट उत्तर देतो: समुद्रात तरण्याशी संबंधित भाग बेटागणिक हळू बदलले, नक्षीसारखे भाग वेगानं. चुकीच्या सांगाड्याची होडी बुडते आणि तिची नक्कल करणारंही कोणी उरत नाही.


उत्तर ६ – मोजपट्टी

वेळेचा हिशेब: पाच-पाच जणांचे सहा गट. तीन पिल्लं × पाच फेकी = १५ फेकी, मोजण्यासह ५ मिनिटं. नवं कडं कापून लावायला ४-५ मिनिटं. एक पिढी १० मिनिटांची. पहिल्या सत्रात मूळ पक्षी बनवणं आणि दोन पिढ्या, दुसऱ्यात आणखी दोन किंवा तीन. पट्ट्या आदल्या दिवशी कापून ठेवल्या (लांबी १४ पासून २६ सेंमीपर्यंत दर २ सेंमीला, रुंदी १, २, ३ सेंमी) तर एखादी पिढी वाढेल.

सहापैकी एका गटाला मात्र वेगळी चिठ्ठी द्या. त्यांनीही फेकायचं आणि मोजायचं, पण पुढचा पालक अंतरावरून न ठरवता फासा टाकून ठरवायचा. १-२ पहिलं पिल्लू, ३-४ दुसरं, ५-६ तिसरं. आकार त्यांचेही बदलतील, पण अंतर वाढेलच असं नाही. बाकीच्या गटांतली वाढ निवडीमुळे झाली का, हे या गटाशिवाय सांगता येणार नाही.

फळ्यावर प्रत्येक गटाचा तक्ता ठेवा: पिढी, कोणतं पिल्लू जिंकलं, मधली फेक किती, नाण्याचा आणि फाशाचा कौल. जिंकलेलं पिल्लू बहुतेक वेळा हुबेहूब नक्कलच असेल. त्यानं मुलं नाराज होतात. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक असतात हे तेव्हाच सांगायचं.

आणि प्रत्येक गटाचा मूळ पक्षी मोडू देऊ नका, नाव घालून डब्यात ठेवा. दोन सत्रांत मुलांचा हातही सुधारतो, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या आकड्यांशी शेवटच्या दिवसाचे आकडे ताडले तर वाढ फुगून दिसते. शेवटी मूळ पक्षी आणि शेवटच्या पिढीचा विजेता एकाच मुलानं आलटून पालटून दहा-दहा वेळा फेकायचे, आणि आधीच्या निकालांची त्याला कल्पना नसावी म्हणून तो मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या गटातली घ्यायची.